कॅमेऱ्याला उंची हवी, नकाशाला जवळीक

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"वाढदिवसाला मुलाने गाडीत लावायचं एक यंत्र भेट दिलं. पुढून नेव्हिगेटर, मागून डॅशकॅम, म्हणजे समोरच्या रस्त्याचं चित्रण करणारा कॅमेरा. सात इंची स्क्रीन आहे, नकाशा सुरेख दिसतो. तो नीट दिसावा म्हणून यंत्र मी स्टिअरिंगच्या शेजारी, डॅशबोर्डला अगदी लागून बसवलं. मध्यंतरी एका दुचाकीने माझ्या गाडीचा पुढचा कोपरा घासला आणि तो न थांबता निघून गेला. चार दिवसांनी विमा कंपनीने व्हिडिओ मागितला म्हणून यंत्राचं मेमरी कार्ड उघडलं, तर त्या दिवसाचं काहीच नाही. जतन केलेल्या व्हिडिओंची जागा भरल्याचा संदेश अधूनमधून येत असे, मी तो बंद करून टाकत होतो. उरलेले व्हिडिओ पाहिले तर अर्ध्या चित्रात डॅशबोर्डच! शिवाय यंत्रावरचा वेग गाडीच्या काट्यापेक्षा नेहमी चार-पाचने कमी दिसतो. ते सारखं वाजत असतं, बायको वैतागली आहे. कोणी म्हणतं, रात्री पार्किंगमध्येही चालू ठेवा. एकदा चार्जरची वायर घरी राहिली म्हणून दुसरी लावली, तर नकाशा गायब आणि स्क्रीनवर संगणकाचं चित्र. यंत्र सदोष आहे का? परत करून दोन वेगळी घेऊ का?"

नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला तरी यंत्रात दोष दिसत नाही. परत करायची घाई नको. पण खोक्यावर जे कधीच लिहिलेलं नसतं ते आधी सांगतो. या एका डबीत दोन भाडेकरू राहतात आणि त्यांचं एकमेकांशी पटत नाही. कॅमेऱ्याला उंचावर, काचेच्या मधोमध, आरशाच्या आसपास जागा हवी असते, आणि एकदा बसल्यावर त्याला कोणी हात लावलेला चालत नाही. नकाशाला खाली, तुमच्या नजरेजवळ आणि बोटाच्या टप्प्यात राहायचं असतं. तुम्ही नकाशाचं ऐकलंत. बहुतेक जण तेच करतात, कारण स्क्रीन समोर दिसते आणि भिंग पाठीमागे असतं.

माझा सल्ला उलटा आहे. हे यंत्र कॅमेरा म्हणून बसवा आणि नकाशा कानाने वापरा.

कारण साधं आहे. नकाशाची चूक तिथल्या तिथे कळते. वळण हुकलं की यंत्र नवा रस्ता काढतं, पाच मिनिटं वाया जातात, विषय संपला. कॅमेऱ्याची चूक मात्र चित्रण लागेल त्या दिवशीच उघडी पडते, आणि तेव्हा काही करता येत नाही. तुमच्या बाबतीत नेमकं तेच झालं.

आता बसवायचं कुठे? सात इंची यंत्र आरशामागे लपत नाही, त्यामुळे नुसत्या डॅशकॅमची जागा याला मिळणार नाही. तडजोड करावी लागते. काचेच्या मध्यरेषेजवळ, डॅशबोर्डपासून इतकं वर की भिंगाला डॅशबोर्डची कड दिसू नये, आणि इतकं खाली की तुम्ही नेहमीसारखे बसलात तर यंत्राची वरची कड तुमच्या रस्त्याकडच्या नजरेच्या खालीच राहावी. हे गाडी उभी असताना, सीट नेहमीच्या जागी ठेवून, पट्टा लावून तपासा. पुढे वाकून किंवा दाराबाहेर उभं राहून तपासलं तर फसाल. भिंगासमोरचा काचेचा भाग वायपर पुसतो ना, तेही बघा. नाहीतर पहिल्याच पावसात चित्रण पाणीदार होईल. काचेवर काय आणि किती जागेत लावता येतं याचे नियम जागोजागी वेगळे असतात, तेवढे आधी पाहून घ्या. डॅशबोर्डवर एअरबॅग उघडायची जागा असते, तिथे काही चिकटवू नका. वायर काचेच्या बाजूच्या खांबावरून न्यायची झाली तर त्या खांबात पडदा-एअरबॅग आहे का ते बघा. असेल तर वायर तिच्यावरून न जाता मागून जायला हवी, आणि हे काम जाणकाराकडून करून घेतलेलं बरं.

कोन लावताना क्षितिज चित्राच्या साधारण मध्यावर ठेवा. बॉनेटची एखादी पट्टी खाली दिसली तर बिघडत नाही, उलट दुसरं वाहन आपल्यापासून किती लांब होतं हे नंतर समजायला मदत होते. आकाश जास्त आलं तर मात्र नुकसान होतं. कॅमेरा उजेडाचा अंदाज सगळ्या चित्रावरून घेतो. वर झगझगीत आकाश असलं की तो एकूण चित्रच काळवंडवतो, आणि खालच्या नंबरप्लेट वाचता येत नाहीत. काही यंत्रांत भिंग स्क्रीनपासून वेगळं वर-खाली फिरवता येतं. तुमच्याकडे ती सोय असेल तर स्क्रीन तुमच्याकडे आणि भिंग सरळ रस्त्याकडे, असं दोघांचंही काही अंशी साधेल.

यंत्र खाली बसलं की डॅशबोर्डचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि व्हिडिओवर धुकं आल्यासारखं दिसतं. नुसत्या डॅशकॅमला पोलरायझिंग फिल्टर लावून हे कमी करता येतं, पण तो फिल्टर रात्री उजेड खातो, आणि जोड-यंत्रांना तो बसवायची सोय क्वचितच असते. सोपा उपाय म्हणजे डॅशबोर्ड रिकामा ठेवणं. कागद, पावत्या, पांढरं फडकं काही नको, आणि तो चकचकीत करणारं पॉलिश तर अजिबात नको.

एकदा बसलं की हात लावू नका. नेव्हिगेटर असल्यामुळे तुमचं बोट दिवसातून अनेकदा स्क्रीनवर जातं, आणि दर वेळी सक्शन कपचा, म्हणजे यंत्र काचेला धरून ठेवणाऱ्या रबरी वाटीचा, सांधा केसभर सरकतो. महिन्याभरात भिंग बॉनेट बघायला लागतं आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून ठिकाण गाडी सुटण्याआधी घाला, सगळा मार्ग एकदा लांबून बघून घ्या (यंत्राला जवळचा वाटलेला रस्ता तुम्हाला मानवणारा असेलच असं नाही), आवाज पुरेसा मोठा करा आणि निघा. 'सर्वांत कमी अंतर' ऐवजी 'सर्वांत कमी वेळ' हा पर्याय ठेवा. कमी अंतराच्या हट्टापायी ही यंत्रं अरुंद बोळात नेऊन सोडतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला १६ मीटरहून जास्त जाते. स्क्रीनकडे दोन सेकंद पाहिलंत तर ३३ मीटर रस्ता न बघता गेला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने २०१३ मध्ये गाडीतल्या स्क्रीनसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत एका वेळची नजर दोन सेकंदांच्या आत राहावी अशी अपेक्षा आहे. मला तीही उदार वाटते.

कानाने नकाशा वापरताना एक अडचण येईल, ती आत्ताच सांगून ठेवतो. उड्डाणपूल आणि त्याच्याखालचा रस्ता यांत जीपीएस गोंधळतं. उंचीचा अंदाज घेण्यात ते आडव्या जागेपेक्षा बरंच कच्चं आहे, आणि मोकळ्या आकाशाखालीही काही मीटरचा फरक पडतोच. यंत्र तुमची जागा जवळच्या रस्त्याला चिकटवून दाखवतं. दोन रस्ते एकावर एक असले की ते कधी चुकीचा निवडतं. अशा ठिकाणी पाटी वाचा, यंत्राचं ऐकू नका. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत, त्यामुळे तिथेही हीच गत. बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या वळण असेल तर ते आधी लक्षात ठेवलेलं बरं.

सिग्नल मिळायला रोजच वेळ लागत असेल तर काचेकडे बघा. काही गाड्यांच्या काचेत ऊन परतवणारा धातूचा पातळ थर असतो. तो उपग्रहांचा सिग्नलही अडवतो, जो २०,००० किलोमीटरहून उंचावरून येताना मुळातच क्षीण झालेला असतो. अशा काचेत आरशाजवळ या थराविना एक तुकडा मोकळा सोडलेला असतो, बऱ्याचदा काळ्या ठिपक्यांनी दाखवलेला. यंत्र त्याच्या जितकं जवळ नेता येईल तितकं न्या.

आता तुमच्या हरवलेल्या व्हिडिओकडे.

डॅशकॅम सलग एक मोठी फाइल करत नाही. एक, तीन किंवा पाच मिनिटांचे तुकडे करतो आणि कार्ड भरलं की सगळ्यांत जुना तुकडा पुसून त्याजागी नवा लिहितो. धक्का बसला की आतला सेन्सर तो तुकडा लॉक करतो, म्हणजे तो पुसला जात नाही. ऐकायला चोख व्यवस्था आहे. पण सेन्सरला धक्क्याचा जोर कळतो, कारण कळत नाही. खड्डा, गतिरोधक, दार जोरात आपटणं हे सगळं त्याला अपघातच वाटतं. उलट तुमच्यासारखी हळू वेगातली घासण इतकी मऊ असते की त्याला जाणवतही नाही. तुमच्या कार्डावर खड्ड्यांचे व्हिडिओ जन्मभरासाठी लॉक होऊन बसले असणार, आणि जो हवा होता तो मोकळाच राहिला.

हिशेब करून बघा. साध्या फुल एचडी चित्रणाला सेकंदाला साधारण १६ मेगाबिट, म्हणजे २ मेगाबाइट जागा लागते. ६४ जीबीच्या कार्डावर सुमारे नऊ तास मावतात. त्यातली अर्धी जागा लॉक झालेल्या फालतू तुकड्यांनी खाल्ली तर उरले साडेचार तास. दिवसाला दोन तास गाडी चालवणाऱ्याचा सोमवारचा व्हिडिओ बुधवारी पुसला जातो. तुम्ही चौथ्या दिवशी कार्ड उघडलंत. जो संदेश तुम्ही बंद करत होतात तो हेच सांगत होता.

तेव्हा आज हे करा. लॉक झालेले व्हिडिओ एकदा बघून, काही कामाचं असेल तर संगणकावर उतरवून, कार्ड फॉरमॅट करा. संगणकात नाही, यंत्रातच, त्याच्या स्वतःच्या मेनूतून. हे महिन्यातून एकदा करत जा. सेन्सरची संवेदनशीलता एक पायरी खाली आणा. रस्ते खराब असतील तर दोन पायऱ्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सेन्सरवर विसंबू नका. व्हिडिओ जतन करायचं बटण किंवा स्क्रीनवरची खूण कुठे आहे ते आत्ता शोधून ठेवा. काही यंत्रं तोंडी सांगितल्यावरही जतन करतात. रस्त्यात काही झालं की गाडी सुरक्षित जागी उभी करा, माणसांना लागलंय का ते बघा, मग लगेच ते बटण दाबा. घरी पोचल्यावर कार्ड काढा, मूळ फाइल जशीच्या तशी उतरवून घ्या, तिचं नाव बदलू नका, कापाकापी करू नका. आधीचा आणि नंतरचा तुकडाही ठेवा. कोणाला थोडक्यात दाखवायचं असेल तर प्रत काढून ती कापा. आणि तो व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकायचा मोह आवरा. दावा चालू असताना तर नक्कीच.

कार्डाबद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. लोक वेगवान कार्डाच्या मागे लागतात. वर सांगितलेल्या दोन मेगाबाइटला कुठलंही बऱ्यापैकी कार्ड पुरतं. खरा प्रश्न टिकण्याचा आहे. फोटोचं कार्ड अधूनमधून लिहिलं जातं, डॅशकॅमचं दिवसभर, पुन्हा पुन्हा, त्याच जागांवर, तेही उन्हात. साधं कार्ड हळूहळू दमतं, आणि वाईट म्हणजे बऱ्याचदा काही न बोलता दमतं: लाल ठिपका चमकत राहतो, पण फाइल उघडत नाही. म्हणून सतत चित्रणासाठी बनवलेलं, 'हाय एन्ड्युरन्स' असं लिहिलेलं कार्ड घ्या, आणि अधूनमधून एखादी फाइल संगणकावर उघडून बघा. उघडली तर ठीक. अडखळली तर कार्ड बदला, दुरुस्तीच्या नादी लागू नका. फार स्वस्तात मिळणारी मोठी कार्डं कधी कधी खोटी असतात, वर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्मीही जागा त्यांत नसते.

व्हिडिओकडून अपेक्षाही माफक ठेवा. दिवसा, जवळून, सरळ समोरची नंबरप्लेट वाचता येते. रात्रीचं सांगता येत नाही. अंधारात कॅमेरा प्रत्येक चित्रासाठी सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत भिंग उघडं ठेवतो, आणि तेवढ्या वेळात ताशी ६० चं वाहन अर्ध्या मीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. नंबर पुसट होणारच. यावर एक साधी युक्ती आहे: नंबर दिसला की मोठ्याने वाचा. माइक चालू असेल तर तुमचा आवाज व्हिडिओत राहतो आणि तो कुठल्याही भिंगापेक्षा उपयोगी ठरतो. व्हिडिओत सिग्नलचा एलईडी दिवा विझलेला किंवा लुकलुकताना दिसला तर बुचकळ्यात पडू नका. असे दिवे विजेच्या लयीत सेकंदाला १०० किंवा १२० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला सापडतं. सेटिंगमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झ निवडायची सोय असेल तर तुमच्या भागातल्या विजेप्रमाणे निवडा, लुकलुक बरीच कमी होते.

वेगाच्या फरकाची काळजी सोडा. इथे यंत्र जवळजवळ बरोबर आहे आणि काटा मुद्दाम जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या नियमाप्रमाणे बऱ्याच देशांत स्पीडोमीटर बनतात, त्यात काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही आणि जास्त दाखवलं तर खऱ्या वेगाच्या दहा टक्के अधिक चार किलोमीटर, इथपर्यंत चालतं. म्हणजे खरा वेग ८० असताना काटा ९२ पर्यंत जाऊ शकतो. तुमचा चार-पाचचा फरक त्यामानाने सभ्य आहे. टायर झिजले की तो थोडा वाढतोही. फक्त यंत्राचा आकडा सलग एका वेगाने जातानाच खरा धरा. जोरात ब्रेक मारला की तो क्षणभर मागे रेंगाळतो, आणि अपघाताच्या व्हिडिओत नेमका तोच क्षण पाहिला जातो. हे तुम्हाला माहीत असलेलं बरं, कारण समोरच्याचा वकील ते सांगणार नाही. काही जण व्हिडिओवरचा वेगाचा शिक्काच बंद करून टाकतात, स्वतःविरुद्ध पुरावा नको म्हणून. माझं मत विचाराल तर चालू ठेवा. स्वतःचा वेग लपवायचा असेल तर कॅमेरा लावायचा खटाटोप कशाला?

वेगाइतकीच तारीख आणि वेळही महत्त्वाची. ही यंत्रं वेळ उपग्रहांकडूनच घेतात, म्हणून ती सहसा अचूक असते, पण टाइम झोन चुकीचा निवडला असेल तर सगळा व्हिडिओ काही तासांनी सरकतो. तोही एकदा तपासा. बरेच दिवस बंद ठेवलेलं यंत्र लावलं की त्याला मोकळ्या आकाशाखाली काही मिनिटं द्या. उपग्रहांच्या सगळ्या स्थूल वेळापत्रकाचं प्रसारण एकदा पुरं व्हायलाच साडेबारा मिनिटं लागतात. कोणी तुम्हाला जुनं यंत्र देऊ केलं तर त्यावरची तारीख आधी बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा मोजणीआकडा १,०२४ आठवड्यांनी पुन्हा शून्यावर येतो. तो ६ एप्रिल २०१९ ला शेवटचा आला, तेव्हा अद्ययावत न केलेल्या काही यंत्रांची तारीख वीसेक वर्षं मागे गेली. रस्ता दाखवायला ती अजून चालतात, पुराव्याला चालत नाहीत.

वाजण्याबद्दल मी तुमच्या पत्नीच्या बाजूने आहे. या यंत्रात पुढच्या वाहनाच्या फार जवळ गेल्याचा इशारा, लेन सोडल्याचा इशारा, वेगमर्यादा, पुढची वळणं, थकल्याची आठवण असं बरंच काही एकाच वेळी चालू असतं, आणि सगळंच वाजायला लागलं की माणूस कशाकडेच लक्ष देत नाही. पुढच्या वाहनाचा इशारा आणि वेगमर्यादेचा इशारा ठेवा. लेनचा इशारा रस्त्यावरचे पट्टे बघून चालतो. पट्टे पुसट असले, पाऊस असला किंवा सूर्य समोर असला की तो उगाच ओरडतो किंवा गप्प बसतो. शहरात फिरताना तो बंद करा आणि लांबच्या हमरस्त्यासाठी चालू करा. यंत्राची जागा बदलली की कॅमेऱ्याला क्षितिज पुन्हा दाखवून नीट बेतून घ्यायला लागतं, मेनूत तशी सोय असते. ते केलं नाही तर इशारे चुकीच्या वेळी येतील. तुमचं यंत्र आजवर खाली बघत होतं, त्यामुळे त्यातले निम्मे आवाज त्या चुकीच्या कोनाचेच असण्याची दाट शक्यता आहे. हे यंत्र ब्रेक लावत नाही, हे घरातल्या सगळ्या चालकांना सांगून ठेवा.

रात्रभर चालू ठेवायच्या सल्ल्याला माझा विरोध आहे, निदान या प्रकारच्या यंत्रासाठी. मोठी स्क्रीन बंद असली तरी असं यंत्र पाच वॅटच्या आसपास वीज घेऊ शकतं. म्हणजे गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीतून तासाला ०.४ अँपिअर-तास. एक रात्र निघेल, पण गाडी तीन-चार दिवस उभी राहिली तर ४५ अँपिअर-तासाची बॅटरी इतकी खाली जाईल की इंजिन सुरू होणार नाही. फ्यूजबॉक्समधून जोडणी करून, व्होल्टेज उतरल्यावर वीज तोडणारं सर्किट मध्ये घालून हे टाळता येतं. पण उन्हाचं काय कराल? नुसत्या पार्किंग-डॅशकॅममध्ये बऱ्याचदा बॅटरीऐवजी थोडी वीज साठवणारा, उष्णता सोसणारा कपॅसिटर असतो. नेव्हिगेटर मात्र हातात घेऊन पत्ता घालता यावा म्हणून त्यात लिथियम बॅटरी असते, आणि कडक उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंश सेल्सिअसच्या आसपास जाऊ शकतो. लिथियमला ते मानवत नाही. गाडी उन्हात सोडताना यंत्र काढून सोबत न्या, चोराची नजरही जाणार नाही. सक्शन कप तिथेच राहू द्या, म्हणजे कोन फारसा बदलत नाही, आणि परत लावल्यावर निघण्यापूर्वी कॅमेऱ्याचं चित्र एकदा बघा. यंत्राची पाठ फुगलेली दिसली तर त्या क्षणापासून ते वापरायचं नाही, चार्जही करायचं नाही.

गोपनीयतेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माइक चालू ठेवायला मी सांगितलंय म्हणून बोलायला हवं. गाडीत बसणाऱ्याला चित्रणाबरोबर आवाजही नोंदला जातो हे सांगा. खाजगी बोलणं असेल तर माइक बंद करा. 'घर' म्हणून दाराऐवजी जवळचा एखादा चौक नोंदवा, यंत्र चोरीला गेलं तर चोराला घराचा पत्ता मिळायला नको. गाडीने परदेशात जाणार असाल तर तिथले नियम आधी बघा. ऑस्ट्रियात खाजगी माणसाने रस्त्याचं सतत चित्रण करण्यावर कडक बंधनं आहेत. शेजारच्या जर्मनीत संघीय न्यायालयाने मे २०१८ मध्ये असं ठरवलं की कारण नसताना अखंड चित्रण करणं माहिती-संरक्षणाच्या कायद्यात बसत नाही, तरीही अपघाताच्या दाव्यात ते पुरावा म्हणून घेता येऊ शकतं. म्हणजे व्हिडिओ चालेल आणि दंडही होऊ शकेल! स्वित्झर्लंडमध्ये वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यांची आगाऊ सूचना देणाऱ्या सोयीवरच बंदी आहे. तो इशारा सीमेआधी यंत्रातून काढून टाका.

दोन वेगळी यंत्रं घ्यावीत का? तुमची रोजची वाट ठरलेली असेल आणि नकाशा कधीमधीच लागत असेल तर आहे तेच उत्तम चालेल, फक्त वर सांगितलं तसं बसवा. रोज नव्या पत्त्यांवर जावं लागत असेल, स्क्रीनला सतत हात लागत असेल, किंवा मागचा कॅमेरा आणि पार्किंगमधलं चित्रण खरंच हवं असेल, तर एक छोटा डॅशकॅम आरशामागे कायमचा लावा आणि हे यंत्र पुन्हा स्टिअरिंगजवळ आणून नुसता नेव्हिगेटर म्हणून वापरा. त्याचं चित्रण मग बंद करा. मुलाची भेटही वापरात राहील. काही जण फोनवरच नकाशा लावतात, पण स्वतःच्या पोटात सगळा नकाशा असलेलं यंत्र जिथे मोबाइलची रेंज नाही तिथेही चालतं. मात्र तो नकाशा वर्षातून एक-दोनदा अद्ययावत करायला विसरू नका. फाइल मोठी असते, घरच्या वायफायवर रात्री लावून द्या.

वायरचं कोडं सगळ्यांत सोपं. बऱ्याच नेव्हिगेटरांची गाडीतली वायर साधी नसते. तिच्या टोकाच्या जोडणीमुळे यंत्राला कळतं की आपण गाडीत आहोत. फोन संगणकाला जोडायची वायर लावली की त्याला वाटतं आपल्याला संगणकाला जोडलंय, आणि ते नकाशा बाजूला ठेवून फाइली द्यायला तयार होतं. चित्रणही तेव्हा थांबतं. मूळ वायरच वापरा. हरवली तर त्याच मॉडेलची गाडीत वापरायची वायर मागवा, आणि मूळ चार्जरवर जितके अँपिअर लिहिलेत तितकेच देणारा चार्जर घ्या. स्वस्त चार्जरमुळे एफएम रेडिओ खरखरायला लागला तर समजा की तोच गोंगाट जीपीएसलाही त्रास देतोय.